आई-बाबा, मी सॅम्पल देऊन आलोय

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आईने पहिल्याच वाक्याला "तुला काय झालंय?" सुरू केलं असतं आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं, म्हणून लिहितोय. मला काहीही झालेलं नाही. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला बाबांसारखा प्रोस्टेट कॅन्सर (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) झालाय अशा पुरुषांवर एक संशोधन चाललंय, त्यात मी नाव दिलंय. फॉर्मवर सही झाली, थुंकी आणि रक्त पण देऊन झालं. आता "नको रे" म्हणायची सोय उरली नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच आधी विचारलं नाही.

कुठलंही औषध माझ्यावर ट्राय करत नाहीयेत हां. ठरावीक काळाने पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन मोजायची तपासणी, गरज वाटली तर एमआरआय, आणि जीन्सची म्हणजे जनुकांची तपासणी, एवढंच. नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, कोणी कारण विचारत नाही. रक्त काढताना मी भिंतीकडे बघत होतो. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी बाबा माझे डोळे झाकायचे, आणि आई नंतर हसत सांगायची की तेव्हा त्यांचेपण घट्ट मिटलेले असायचे.

का केलं ते सांगतो. वडिलांना हा कॅन्सर असला की मुलाला धोका साधारण दुप्पट होतो. बाबा, हे वाचून लगेच तोंड पाडून बसू नका. दुप्पट म्हणजे होणारच असं नाही, आणि तुम्ही काही मुद्दाम दिलं नाहीत. हे नाक दिलंत, हे टक्कल दिलंत, त्याबद्दल कुठे कधी वाईट वाटून घेतलंत? शिवाय बीआरसीए२ नावाचा जो जीन ते तपासतात, ज्यात बिघाड असला तर हा कॅन्सर जास्त आक्रमक असू शकतो, तो बिघाड आईकडूनही येऊ शकतो. आई, तुला बोल लावत नाहीये गं, फक्त सगळं एकट्या बाबांच्या खात्यावर नको म्हणून सांगितलं.

आणि तुमच्या वेळचा तो गोंधळ आठवतोय ना, पीएसएचा नंबर वाढला म्हणून आपण सगळे किती घाबरलो होतो. पीएसए इन्फेक्शनने वाढतो, वयाबरोबर ग्रंथी मोठी झाली तरी वाढतो, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर कित्येकांच्या उगीच बायॉप्सी झाल्या. आता सगळी धडपड चाललीय ती नेमकं कोणाला तपासायचं आणि कोणाला सुखाने झोपू द्यायचं हे शोधायची. ब्रिटनमध्ये थुंकीतले १३० जनुकीय फरक बघून धोका काढायचा प्रयोग झाला, २०२५ मध्ये निकाल आला: ज्यांचा धोका सगळ्यात वरच्या १० टक्क्यांत होता त्यांची तपासणी आणि बायॉप्सी केली तर दर १०० जणांत ४० जणांना कॅन्सर निघाला. त्याने जीव किती वाचतात हे कळायला वर्षं जातील, आणि माझ्यासारखी निरोगी माणसं गेली नाहीत तर कधीच कळणार नाही. मला तर जायचंच होतं.

आता आईचं "एकदाचं प्रोस्टेट काढून टाका ना". अगं, बाबांचा ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा आकडा, सहा आहे, सगळ्यात मंद प्रकार, म्हणून तर सध्या नुसतं लक्ष ठेवायचंय. ब्रिटनमध्येच १,६४३ पुरुषांवर पंधरा वर्षांचा अभ्यास झालाय, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त लक्ष. तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले १०० मागे जेमतेम तीन. ऑपरेशननंतर लघवीवर ताबा न राहणं आणि बाकीच्या ज्या गोष्टी बाबा माझ्यासमोर डॉक्टरांना विचारत नव्हते, त्या आत्ता कशाला ओढवून घ्यायच्या? बाबांची सकाळची सायकल, दुपारची झोप, तो पेपर उशाशी घेऊन पडणं, यातलं काहीही बंद होणार नाहीये.

पण बाबा, लक्ष ठेवणं म्हणजे विसरून जाणं नव्हे. त्याच अभ्यासात नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ९ टक्क्यांत तो शरीरात पसरला, उपचार घेतलेल्यांत ५ टक्क्यांत, आणि पुढे निम्म्याहून जास्त लोकांना उपचार घ्यावेच लागले. तेव्हा उपचारांची चांगली वेळ आपल्याला चुकवायची नाहीये. म्हणून नीट ऐका. पीएसएची तारीख "पुढच्या आठवड्यात बघू" करायची नाही. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस सायकल नको, आणि लघवीला जळजळ असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तिचं नाव लिहून न्या, काही गोळ्यांनी पीएसए निम्म्यावर येतो आणि वाचणाऱ्याची फसगत होते. एमआरआयचा आवाज सहन होत नाही माहितीये, पण तो टाळायचा नाही, नुसत्या बायॉप्सीतून निसटणारा मोठा कॅन्सर त्यात सापडायची शक्यता कितीतरी जास्त असते. कानात घालायला देतात ते मागून घ्या, लाजू नका. आणि त्रास काहीच नाही म्हणून बरं आहे असं धरू नका, सुरुवातीला याला लक्षणं नसतातच बहुतेक वेळा.

आई, फाईलमध्ये जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव, बाबांवर सोडू नकोस. माझ्या जीन्समध्ये काही निघालं तर ताईलाही तपासणी करावी लागेल, बायकांना त्यातून ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका असतो. ते मी तिला स्वतः सांगेन, रिपोर्ट आल्यावर. तोवर प्लीज तिला काही बोलू नकोस, तुझ्या तोंडून "तसं काही नाही गं" ऐकलं की ती नेमकी घाबरते.

तुमचाच,
बाळ्या