पायऱ्या मोजून खोली घे

म्युनिक,
३ ऑगस्ट

प्रिय मंदार,

ऑक्टोबरातल्या इटलीच्या सहलीची तुझी यादी मिळाली. पाच रात्री आणि चार मुक्काम: नेपल्स, पोझितानो, मातेरा, अल्बेरोबेल्लो. वर पुन्हा "जमेल ना रे?" अशी टीप. जमेल की. लग्नसराईत एका संध्याकाळी तीन रिसेप्शनंही जमतात, फक्त जेवण कुठेच धड होत नाही. फोनवर बोललो असतो तर तू "बरं बरं" म्हणत सुटला असतास, म्हणून पत्र. काकूंनाही वाचून दाखव, कारण यातलं निम्मं त्यांच्या गुडघ्यांबद्दल आहे.

आधी माझी फजिती ऐक. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये आई-बाबांना घेऊन गेलो होतो. मीही तुझ्यासारखाच फोटोंवर भाळलो आणि पोझितानोत खोली घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं की समुद्र दिसतो आणि बसथांबा पाच मिनिटांवर आहे. दोन्ही शंभर टक्के खरं होतं, फक्त ती पाच मिनिटं सरळ खाली उतरायची होती. पायऱ्या किती ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी मोजल्या, २१४. म्हणजे दोन पर्वत्या, त्याही चाकांच्या बॅगा हातात उचलून. निम्म्यात बाबा बॅगेवरच बसले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "पर्वतीला निदान वर देव तरी आहे. इथे खाली काय आहे?" खाली बाराशे रुपयांचं सॅलड होतं, पण ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आईने तीन दिवस समुद्र मनसोक्त पाहिला, पण गच्चीतून. पहिल्या दिवसानंतर ती पायऱ्यांना फिरकलीच नाही.

गाव वाईट आहे असं नाही. ते डोंगराला टांगलेलं आहे, म्हणून तर फोटो तसे येतात. तिथे दुपारी जावं, लिंबाचं सरबत प्यावं, संध्याकाळी परत यावं. झोपायला मात्र अशा गावात जावं जिथे माणसं राहतात, सकाळी पोरं शाळेत जातात आणि स्टेशन चालत गाठता येतं.

असं गाव म्हणजे सालेर्नो. तुझ्या यादीत ते नाही, कोणाच्याच नसतं. नेपल्सहून गाडीने पाऊण तास. स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललास की समुद्र, आणि तिथून पुढे किनाऱ्याने झाडांच्या सावलीतला लांबलचक सपाट रस्ता. सपाट हा शब्द दोनदा वाच. संध्याकाळी सगळं गाव तिथे येरझाऱ्या घालतं. आजीआजोबा बाकांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारतात. काकू अर्ध्या तासात त्यांच्यात सामील होतील, भाषेचं काही अडणार नाही.

पोझितानोच्याच किनाऱ्यावरचं गाव अमाल्फी, तिथल्या बोटी सालेर्नोच्या स्टेशनाजवळच्याच धक्क्यावरून सुटतात. अमाल्फीला साधारण पस्तीस मिनिटं, तिथून पुढे तीच किंवा दुसरी बोट पोझितानोला. ऑक्टोबरात बोटी चालू असतात, मात्र समुद्र खवळला की बंद. म्हणून पोझितानोची वारी पहिल्याच दिवशी उरकून टाक, म्हणजे हवा बिघडली तर दुसरा दिवस हाताशी राहील. त्या डोंगरकड्याचं रूप पाण्यातूनच नीट दिसतं, बसमधून समोरच्या प्रवाशाची बगल दिसते. तरी बस घेतलीसच तर जाताना डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला असतो. अमाल्फीत उतरल्यावर समोर कॅथेड्रल आणि त्याच्या ६२ पायऱ्या. काकूंना खाली चौकात कॉफी घेऊन दे, तू आणि सायली वर जाऊन या.

सालेर्नोहून दुसऱ्या बाजूला, अर्ध्या-पाऊण तासावर, पेस्तुम. अडीच हजार वर्षांपूर्वीची तीन ग्रीक देवळं गवतात उभी आहेत, आणि जमीन सपाट. (मी आता सपाटीचाच भक्त झालोय.) स्टेशनावरून सरळ चालत जाता येतं. त्याच भागात म्हशी पाळतात आणि खरं मोझरेल्ला तिथलंच. पहिला घास घेतल्यावर बाबा म्हणाले, "हे तर खरवसाचं धाकटं भावंड." चीजवरचं त्यांचं तेवढंच मत, आणि मला ते पटलेलं आहे.

सालेर्नोत मध्ययुगात वैद्यकाची मोठी शाळा होती, युरोपातल्या सगळ्यात जुन्या शाळांपैकी एक. औषधी झाडांची एक बागही जपून ठेवली आहे, मिनर्व्हाची बाग. काकूंना अडुळसा-गुळवेलीचं वेड आहे म्हणून सांगतो. तिथे जायला चढ आहे हेही सांगतो. रमतगमत जा, नाहीतर नका जाऊ.

तेव्हा हिशेब असा: उतरल्यावर दोन रात्री नेपल्स, मग तीन सालेर्नो. एकदाच बॅगा भरायच्या. परतीचं विमान नेपल्सहून दुपारचं आहे, सालेर्नोहून सकाळी निघून आरामात पोचाल.

नेपल्समध्ये कुठे, हा खरा डोकेदुखीचा प्रश्न. गारिबाल्दी स्टेशनासमोर स्वस्त हॉटेलं भरपूर आहेत. एक रात्र उशिरा पोचून पहाटे निघायचं असेल तर ठीक, दोन दिवस राहायला मात्र तो भाग रुक्ष आहे आणि रात्रभर हॉर्न. जुन्या शहराच्या पोटात, स्पाक्कानापोलीच्या गल्लीत, मजा फार, पण खिडकीखाली रात्री दीडपर्यंत स्कूटर आणि गाणी. सदाशिव पेठेत गणपतीच्या दहा दिवसांत झोपू शकत असशील तर घे. फोटोत छान दिसणाऱ्या स्पॅनिश क्वार्टर्सच्या वरच्या गल्ल्या चढाच्या. मी सुचवेन दान्ते चौक ते पुरातत्त्व म्युझियम यांच्यामधला भाग. गारिबाल्दीहून लाइन २ ची भुयारी गाडी पकड. पुढचंच स्टेशन कावूर, तिथून म्युझियम पावलांवर. पॉम्पेईतली चित्रं आणि मोझेक मुळात त्याच म्युझियममध्ये आहेत, अलेक्झांडरच्या लढाईचं ते प्रसिद्ध मोझेकसुद्धा. जुनं शहर तिथून दहा मिनिटं चालत. झोपही होईल.

आता खोली बघताना काय बघशील? तारे आणि शेरे नंतर. आधी मजला आणि लिफ्ट. नेपल्समध्ये जुन्या वाड्यांचे मजले उंच असतात, दोन जिने चढलं तरी आपला पहिलाच मजला चालू असतो. "आशेन्सोरे" म्हणजे लिफ्ट. ती आहे का, रस्त्याच्या पातळीपासून आहे का आणि तिच्यात बॅग मावते का, हे घरमालकाला लिहून विचार. नेपल्समध्ये आम्ही उतरलो त्या वाड्यात लिफ्ट होती, पण नाणं टाकल्याशिवाय हलायची नाही. दहा सेंटचं नाणं, एका फेरीला एक. आईने दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीवाल्याकडून सुट्टे मागून घेतले आणि ती चिल्लर दाराशेजारच्या वाटीत ठेवली, अगदी आपल्याकडे दूधवाल्याचे ठेवतात तशी. त्या चौकात तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाई रोज दोरीला बांधून टोपली खाली सोडायच्या. खाली पाववाला पाव ठेवायचा, टोपली हळूहळू वर. आई कठड्याला टेकून बघत बसली होती. "आमच्या शनिवारातल्या वाड्यात भाजी अशीच घ्यायचो," म्हणाली. त्या सहलीत तिला सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच, आणि त्याला तिकीट नव्हतं.

दुसरं, "कामेरा मात्रिमोनियाले" वाचून दचकू नकोस. कामेरा म्हणजे खोली, आणि मात्रिमोनियाले म्हणजे डबल बेड. वधूवर सूचक मंडळाशी संबंध नाही. तुम्हाला तिघांना एक डबल आणि एक वेगळा पलंग लागेल, तो आधीच सांग, नाहीतर काकूंच्या वाट्याला घडीचा सोफा येतो. तिसरं, स्वयंपाकाचा ओटा असलेली जागा घे. काकू शुद्ध शाकाहारी, आणि तिथे फसगत कुठे होईल सांगता येत नाही. नेपल्सचे ताराल्ली, ते कडबोळ्यासारखे मिरीचे कडक वेढे, निरुपद्रवी दिसतात पण डुकराच्या चरबीत मळलेले असतात. पार्मेझान चीजमध्येही दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं. मरिनारा पिझ्झा मात्र बिनधास्त: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीज नाहीच. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळणं कठीण, तोवर काकूंच्या कुकरला दोन शिट्ट्या झालेल्या असतील.

आणि एक आनंदाची बातमी. इथे जर्मनीत मी इतकी वर्षं कागदावर काढली, पण इटलीत घराच्या एका तरी न्हाणीघरात बिदे, म्हणजे बसून धुवायचं नळाचं भांडं, असलंच पाहिजे असा १९७५ पासून सरकारी नियम आहे. म्हणजे पाणी! बाबांनी त्या एका गोष्टीसाठी सगळ्या इटलीला माफ केलं, पायऱ्यांसकट.

सहलीच्या कराचे पैसे वेगळे लागतात, माणशी आणि रात्रीमागे, बरेचदा रोख. पासपोर्टही मागतात, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे द्यावी लागते. घाबरू नकोस. उलट जो मालक पासपोर्ट मागतच नाही, त्याच्याविषयी शंका घे. गाडी भाड्याने घेऊ नकोस. अमाल्फीच्या रस्त्यावर गर्दीच्या दिवसांत सम-विषम नंबरांचा नियम असतो, आणि शहरांच्या जुन्या भागात चुकून शिरलास तर कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी पुण्याला येतं.

पॉम्पेई की एर्कोलानो? काकू बरोबर असतील तर एर्कोलानो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या ज्या उद्रेकात पॉम्पेई गाडलं गेलं त्यातच हेही, पण आकाराने आटोपशीर, दोन-अडीच तासांत होतं. लाकडी तुळया, दारं, पलंगसुद्धा कोळसा होऊन टिकले आहेत. स्टेशनावरून उतार आहे, येताना चढ, तेव्हा परतीला टॅक्सी कर.

आता मातेरा. तू नाराज होणार, कारण गुहेतल्या हॉटेलचा फोटो तूच मला तीनदा पाठवलास. ते गाव फार सुंदर आहे, पण नेपल्सहून जायला-यायला दिवसच्या दिवस जातो. शिवाय त्या गुहांत १९५० च्या दशकापर्यंत माणसं गुराढोरांसकट राहत होती, सरकारने १९५२ च्या कायद्याने सुमारे पंधरा हजार लोकांना बाहेर हलवलं. तिथे मेणबत्त्या लावून आंघोळीचा टब ठेवलेला पाहिला की माझ्या पोटात जरा कालवतं. तुझ्या कालवेल असं नाही. कधी जाशील तेव्हा विमानाने बारीला उतर, मुक्काम बारीतच कर. तिथून छोटी रेल्वे मातेराला जाते. अल्बेरोबेल्लोही तिथूनच एका दिवसात होतं. ती सहल वेगळी, तिच्यावर वेगळं पत्र.

खोल्या निवडल्यास की दुवे पाठव, मी मालकांना इटालियनमध्ये लिफ्टबद्दल लिहीन. माझं इटालियन एवढ्यापुरतंच आहे, पण पक्कं आहे.

काकूंना नमस्कार, सायलीला आठवण. येताना तिच्या आईकडचा गोडा मसाला आण, अर्धा किलो. मागच्या वेळी पाव किलो आणलास तो दिवाळीच्या आधीच संपला.

तुझा,
निखिल