करंजतेल इंजिनात चालते, कागदावर चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन आला की डिझेल इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेलची तीच गोष्ट फिरते, की १८९३ मध्ये त्याने पहिले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवले. गोष्ट गोड आहे, पण तशी घडलेली नाही. शेंगदाणा तेलावर इंजिन चालले ते १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून ऑटो नावाच्या कंपनीने ते चालवून दाखवले. आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगदाणा मुबलक आणि कोळसा-रॉकेल बाहेरून आणायचे, असा तो साधा हिशोब होता. म्हणजे इंजिनाने सव्वाशे वर्षांपूर्वीच होकार दिला आहे. आपल्याकडे साधे वनस्पती तेल इंजिनात वापरायचे घोडे अडले आहे ते कायद्यात, आणि नेमके कुठे अडले आहे ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी कराडला पस्तीस वर्षे इंजिनाला डिझेल पुरवणारे पंप आणि त्याची फवार उडवणारी नोझल यांच्या दुरुस्तीचे काम केले. भारनियमनाच्या वर्षांत पाटणकडच्या एका शेतकऱ्याने पाच हॉर्सपॉवरचे ऑइल इंजिन माझ्याकडे टेम्पोत घालून आणले. ओढ्याकाठच्या करंजांच्या बिया घाण्यावर काढून तेच तेल त्याने थेट टाकीत ओतले होते. पंधरवडाभर इंजिन चालले, मग ठोकायला लागले, काळा धूर ओकू लागले. हेड उतरवले तर ज्वारीच्या कणसाला काणी धरावी तसा नोझलच्या टोकाला कोळसा धरलेला. पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या. चेंबरमधले ऑइल तर काकवीसारखे ओघळत होते. दोष इंजिनाचा नव्हता. डिझेलपेक्षा करंजतेल दहापट तरी घट्ट असते, त्याची फवार नीट उडत नाही. जे जळत नाही ते कडेने खाली उतरून ऑइलला घट्ट करते.

गडी हट्टी होता. पुढच्या हंगामात त्याने तेल बॅरलमध्ये महिनाभर निवळू दिले, कापडातून दोनदा गाळले, सायलेन्सरला तांब्याची नळी गुंडाळून तेल गरम करून पंपाला दिले. इंजिन सुरू करायचे डिझेलवर, तापले की कॉक फिरवून करंजतेल, आणि बंद करण्याआधी पाच मिनिटे पुन्हा डिझेल. हंगाम संपल्यावर मी नोझल काढून पाहिले, पितळी ब्रशने साफ होईल इतकीच काजळी होती. मग त्याने मला विचारले, ‘‘हेच ट्रॅक्टरला केले तर आरटीओ पकडेल का हो?’’ मला उत्तर देता आले नाही.

आता निवृत्तीनंतर वेळ आहे म्हणून कायदा वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये दुसऱ्या इंधनासाठी इंजिनात बदल करण्याची तरतूद आहे. बॅटरी, सीएनजी, सौरऊर्जा, एलपीजी ही नावे आहेत आणि पुढे ‘किंवा इतर कोणतेही इंधन’ असेही शब्द आहेत. दार उघडे आहे! पण ठरवून दिलेल्या अटींनुसार, असे तिथेच म्हटले आहे. सीएनजी, एलपीजीच्या अटी ठरल्या, किटची चाचणी ठरली. नुसत्या वनस्पती तेलासाठी काहीच ठरलेले नाही. त्यामुळे दार उघडे असून उंबरठा नाही.

इथे हटकून कुणीतरी म्हणेल की बायोडिझेलला तर मान्यता आहे. आहेच. त्याला आयएस १५६०७ हे भारतीय मानक आहे, आणि शंभर टक्के बायोडिझेलवरच्या वाहनांच्या धुराचे निकषही केंद्राने २०१६ मध्ये अधिसूचित केले. पण बायोडिझेल म्हणजे तेल नव्हे. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून रासायनिक क्रिया करायची, ग्लिसरीन वेगळे काढायचे, तेव्हा पातळ बायोडिझेल हाती येते. मिथेनॉल विषारी, त्याला परवाना लागतो. हे कारखान्याचे काम आहे, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये करायचे नव्हे. घाण्यावरचे तेल गाळणे मात्र शेतकऱ्याला जमते. बातम्यांत आणि भाषणांत या दोन्ही गोष्टी सर्रास एकाच नावाने खपवल्या जातात. महामार्गावर बायोडिझेलची पाटी लावून भलतेच तेल विकणाऱ्यांचे त्यामुळेच फावते.

जर्मनीने हा गुंता उलट्या टोकाने सोडवला. परवानगी कुणाला द्यायची हा वाद घालत बसण्याआधी त्यांनी तेल म्हणजे काय ते लिहून काढले. मोहरीच्या जातीतल्या रेपसीडच्या तेलासाठी २००६ मध्ये आधी तात्पुरते आणि २०१० मध्ये पक्के मानक आले, डीआयएन ५१६०५. चाळीस अंशाला घट्टपणा किती चालेल, पाणी किती, आम्लता किती, फॉस्फरस किती, सगळे आकड्यांत. पाण्याची मर्यादा किलोला ७५० मिलिग्रॅम. आमच्या पाटणच्या गड्याने महिनाभर तेल निवळू दिले ते याचसाठी, फक्त त्याच्याकडे आकडा नव्हता. पुढे इतर वनस्पती तेलांसाठीही त्यांनी मानक केले. अर्थात तिथेही सगळे गोड नाही. २००८ पासून करमाफी टप्प्याटप्प्याने गेली आणि रस्त्यावरची तेलाची गाडी तिथेच थंडावली.

ब्रिटनची तऱ्हा आणखी मजेदार. २००२ मध्ये वेल्समधल्या लानेली भागात लोक दुकानातले खाद्यतेल गाडीत ओतून इंधनकर चुकवत होते, आणि ती चोरी पकडली गेली म्हणे धुराला येणाऱ्या चिप्सच्या वासावरून! पण २००७ मध्ये तिथल्या सरकारने शहाणपणा केला. वर्षाला अडीच हजार लिटरपर्यंत इंधन स्वतः बनवणाऱ्याला कर नाही, नोंदणीचीही कटकट नाही.

गाडीचे सोडा. नव्या बीएस-६ गाडीत कुणी साधे तेल ओतले तर मीच त्याला शिव्या घालीन. त्या बारीक इंजेक्टरचे आणि धूर गाळणाऱ्या फिल्टरचे वाटोळे होईल. खाद्यतेलही नको. गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून आणतो, आणि आज शेंगदाणा तेल डिझेलपेक्षा महाग असताना ते कोण ओतणार? तळणाचे वापरलेले तेल बायोडिझेलकडे जाते, ते तिकडेच जाऊ दे. बायोडिझेलसाठी मोगली एरंड (जट्रोफा) लावून माळराने सोन्याची करण्याच्या वल्गनाही पुन्हा नकोत. त्या योजनेचे काय झाले ते गावोगावच्या बांधांवर दिसते आहे.

माझी मागणी त्यापेक्षा लहान आहे. भारतीय मानक ब्यूरोने करंज आणि तत्सम अखाद्य तेलांसाठी, फक्त एका जागी बसवलेल्या संथ इंजिनांपुरते, मानक करावे. धुराची मोजणी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत होऊ शकते, ती संस्था याच कामासाठी आहे. स्वतःच्या शिवारात स्वतः काढलेले तेल वापरणाऱ्याला ठरावीक लिटरपर्यंत परवान्यातून सूट द्यावी, विकणाऱ्याला मात्र चाचणी सक्तीची असावी. ट्रॅक्टरचा विचार त्यानंतर.

मोजायला सुरुवात करायची असेल, तर त्या दोन्ही हंगामांतली नोझल मी अजून डब्यात जपून ठेवली आहेत, एक कोळसा धरलेले आणि एक साफ. कुणी अभियंता मागायला आला तर लगेच देईन.

आपला,
एक निवृत्त पंप-नोझल मेकॅनिक, कराड