गिटारच्या आधी वायरमन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निकालांचे दिवस आले की ‘घरबसल्या कमाईचे मार्ग’ अशा याद्या सगळीकडे दिसू लागतात. हल्ली त्यांत सेशन गिटारवादनही, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी मोबदल्यावर गिटार वाजवून देणं, असतं. गिटार, लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये उतरवणारी डबी) घ्या, मुंबई-पुण्याच्या संगीत संयोजकांना घरून ट्रॅक वाजवून पाठवा, झालं. यादी खोटी नाही, पण ती तिकडच्या घरांवरून केलेली आहे. लातूर, परभणी, बीडकडच्या पोरानं तिच्या भरवशावर हप्त्यानं सामान उचललं, तर हात कितीही तयार असला तरी फाइल परत येण्याची भीती असते, आणि शेरा एकच : ‘हम येतोय’, म्हणजे मागे विजेची घरघर ऐकू येतेय. इकडे खरेदीचा क्रम वेगळा लागतो. आधी वायरमन, मग गिटार.

इलेक्ट्रिक गिटारचं पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले केसासारख्या तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारांचं कंपन जसं ते पकडतं, तशीच घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघरही पकडतं, आणि इंटरफेस दोन्ही सारखंच वाढवतो. केबलवरची जाळी यातली बरीचशी घाण अडवते, पण ती जाळी शेवटी जमिनीला भिडली तर. आपल्याकडे नेमकं तिथंच अडतं. बऱ्याच घरांत सॉकेट तीन पिनांचं असतं आणि मागे वायरी दोनच. जिथं अर्थिंगचा खड्डा आहे तिथंही काळी जमीन एप्रिलमध्ये भेगाळते, माती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि श्रावणात गुण देणारी अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरती उरते. वायरमनकडून मल्टिमीटरनं तीन मापं घेऊन ठेवावीत. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास हवं, फेज ते अर्थ साधारण तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरं माप शंभर-दीडशेवर घुटमळत असेल तर अर्थ अधांतरी आहे असं समजावं. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं. फरक पडला तर उन्हाळाभर आठवड्याला पाणी घालायचं, नाही पडला तर नवा खड्डा.

हम जावा म्हणून प्लगची तिसरी पिन कापून टाकणारे महाभाग आहेत. हम कधी कधी जातोही. पण गिटारच्या तारा ब्रिजमधून त्याच अर्थला जोडलेल्या असतात. ॲम्प आतून लीक झाला तर तो करंट जायला उरतो वादकाचा हात, आणि समोरच्या माइकला ओठ लागले असतील तर तोंडही. हे कुणी करू नये.

दुसरा चोर लॅपटॉपचा चार्जर. वाजवता वाजवता चार्जर काढून पाहावा. घरघर थांबली तर टेक (वाजवून घेतलेलं एकेक रेकॉर्डिंग) बॅटरीवरच घ्यावेत. पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमरवाले दिवे तिसऱ्या नंबरवर. सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचं) पिकअप असेल तर खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू गोल फिरावं, एका कोनात घरघर सगळ्यात कमी होते, तीच बसायची दिशा. इन्व्हर्टर घ्यायचाच तर साइन वेव्हचा. स्क्वेअर वेव्हवर घरघरीची किरकिर होते आणि ती फिल्टर लावूनही पुरती निघत नाही. गंमत अशी की इंटरफेस लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालत असेल, तर लाईट गेल्यावर सगळ्यात स्वच्छ टेक मिळतो. वायरिंग मेलेलं, पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद. भारनियमनाचा एवढा एकच उपकार.

आता लाकूड. अस्सल लाकडाच्या अकूस्टिक गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्या मे महिन्यातली दुपार त्याच्या निम्म्यावर सहज जाते. लाकूड आकसतं, नेकवरच्या (गिटारच्या मानेवरच्या) आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट धातूचे असल्यामुळे आकसत नाहीत, म्हणून पहिली खूण म्हणजे नेकच्या कडेला हात फिरवला की फ्रेटची टोकं टोचतात. पुढे वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटला घासून खरखरतात, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर फळी तडकते. यावर कूलरसमोर गिटार ठेवणं हा उपाय नव्हे. कूलर चालू असेपर्यंत फळी फुगते, बंद झाला की सुकते, आणि या रोजच्या हेलकाव्यानंच ती लवकर फुटते. गिटार केसमध्येच ठेवावं. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज घालून ती डबी लाकडाला न टेकता केसमध्ये ठेवावी, शेजारी छोटा आर्द्रतामापक. खरखर आली म्हणून लगेच ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) पिळू नये. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून सातव्यापाशी फट पाहावी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी पुरे. फिरवायचाच तर एका वेळी पाव फेरा. आमच्या मते पहिलं गिटार प्लायवुडचंच घ्यावं. आवाज थोडा बोथट असतो, पण ते इकडचा उन्हाळा काढतं.

खोलीबद्दल थोडक्यात. १० बाय १० फुटांची, तितकीच उंच स्लॅबची खोली आवाजाला सगळ्यात वाईट. समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, त्याच्या दुपटीला ११२, आणि गिटारची मोकळी ए तार ११० ची. तिन्ही दिशांनी तोच सूर घुमत असल्यामुळे ती एक तार ढोलासारखी फुगते, बाकीच्या बिचाऱ्या बारीक वाटतात. माइक खोलीच्या बरोबर मध्यावर असेल तर हे जास्तच जाणवतं, म्हणून बसायची जागा मध्यापासून आणि भिंतीपासूनही सरकवावी. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचं खूळ सोडावं. ए तारेच्या सुराची लाट दहा फूट लांब असते, तिला दोन इंचाचे खळगे दिसतही नाहीत. त्यापेक्षा कापसाच्या जुन्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या कराव्यात आणि पाठीमागे दोरीवर एक-दोन वाकळा टाकाव्यात. कापसाच्या मुलखात याला फार खर्च नाही. माइक बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर ठेवावा, भोकासमोर नको, तिथं नुसता घुमारा येतो. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात अकूस्टिकचं काम घेऊच नये.

फाइल परत येण्याची उरलेली कारणं वाजवण्यात नसतात, पाठवण्यात असतात. संयोजकाचा प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा (सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज टिपणारा) आणि आपण ४४.१ वर वाजवलेलं, अशी गडबड झाली आणि तिकडच्या सॉफ्टवेअरनं ती बदलून घेतली नाही, तर गिटार जवळपास नऊ टक्के जलद वाजतं आणि जवळपास दीड सेमीटोन (पेटीवरची दीड पट्टी) चढतं. पेटीवरच्या काळी एक पट्टीचं गाणं पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या अलीकडे लटकतं. त्यामुळे पहिला प्रश्न सॅम्पल रेटचा विचारावा. दुसरी मागणी म्हणजे गाइड ट्रॅक (ज्याच्यावर वाजवायचं ते कच्चं गाणं) वेव्ह (WAV) फाइलमध्येच हवा. एमपी३ करताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता आपोआप चिकटते. तिच्यावर बेतून वाजवलेलं मूळ गाण्यावर ठेवलं की प्रत्येक ठोका किंचित उशिरा पडतो, आणि खापर वादकाच्या लयीवर फुटतं. व्हॉट्सॲपवरून पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

रेकॉर्डिंग २४ बिटवर, सगळ्यात जोरकस ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास. मीटर शून्यापर्यंत भरण्यात शहाणपण नाही. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो ते आवाजाचे नमुने, वाजवताना १२८, मिक्स करताना ५१२. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून काढावा, मधे वाजलेला दोन सेकंदांचा तुकडासुद्धा, म्हणजे समोरच्याला जागा शोधत बसावं लागत नाही. इलेक्ट्रिकचे दोन्ही पाठवावेत, इफेक्टसह आणि कोरा. चार मिनिटांचा एक मोनो ट्रॅक साधारण ३५ एमबी होतो, सहा ट्रॅक म्हणजे दोनशेच्या पुढे. नावात गाणं, पट्टी, टेम्पो असावा. ‘फायनल नवीन २’ हे नाव नव्हे.

डाव्या-उजव्या बाजूला पसरलेलं गिटार हवं असेल तर एकाच टेकची कॉपी चालत नाही, ती नुसती मोठी ऐकू येते. दोनदा वाजवावं लागतं. काळी एकला एकदा पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी च्या कॉर्डचे आकार, दुसऱ्यांदा चौथ्यावर लावून ए चे. सूर तेच, मांडणी वेगळी, आणि रुंदी आपोआप येते.

इकडचं बरंचसं काम गोंधळ, भारूड, भीमगीतं, लग्नगीतं यांचं. चौदा एप्रिल, गणपती, नवरात्र यांच्या आधी कामाची झुंबड असते. या गाण्यांत पेटी ४४० वर (ट्यूनर धरतो त्या ए = ४४० हर्ट्झच्या मापावर) असेलच असं नाही, तेव्हा ट्यूनरपेक्षा पेटीचा लांबवलेला सा प्रमाण मानावा. मूळ टेक क्लिकशिवाय (कानात ठोक्याची टकटक न घेता) गायलेला असेल तर गायकाला ओढू-ताणू नये, दर चार मात्रांनी टेम्पोची खूण टाकून गिटारनं त्याच्यामागे जावं. हलगी आणि संबळ असताना भरभरून स्ट्रमिंग करणं म्हणजे त्याच जागेत घुसणं, तिथं सुटे सूर छेडलेले बरे. चाल भैरवीच्या वळणाची असेल तर मेजर-मायनरचा हट्ट सोडून नुसता सा-प धरावा.

व्यवहारात अर्धे पैसे आधी, आणि दोन दुरुस्त्यांनंतर तिसरीचे वेगळे, हे काम घेतानाच लिहून टाकावं. नावाचंही तसंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्ता’ या व्याख्येत वादक आहे (त्याच यादीत गारुडीही आहे), आणि त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटात ज्याचं काम किरकोळ आणि ज्याचं नाव रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत येत नाही, त्याला यातलं फारसं काही मिळत नाही. त्यामुळे चित्रपटाचं काम घेताना ‘नाव टाकू’ हे फोनवरचं आश्वासन पुरत नाही. ‘गिटार : अमुक’ अशी ओळ नेमकी कुठं येणार, ते मेलमध्ये मागून घ्यावं, आणि तेही पहिली फाइल पाठवण्याआधी.

आपले,
काही सेशन गिटारवादक, लातूर