परीक्षणात निर्मात्यालाही जागा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतली चित्रपट परीक्षणे मी आवर्जून वाचते. दिग्दर्शन, अभिनय, संगीत, छायाचित्रण, सगळ्यांच्या वाट्याला चार ओळी येतात. निर्मात्याचे नाव मात्र फार तर चौकटीत दिसते. वास्तविक 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माताच असतो, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळही दिग्दर्शकाबरोबर त्यालाच मिळते.

‘कोर्ट’चे (2014) उदाहरण घ्या. लेखक-दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचे भरपूर कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. पण संहिता लिहून व्हायच्या आधीपासून विवेक गोम्बर यांनी त्यांना लिहिण्यासाठी दरमहा पैसे दिले, पुढे चित्रपटाची निर्मिती केली आणि त्यातली बचावाच्या वकिलाची भूमिकाही केली. लिखाणाच्या काळात लेखकाचे घर कसे चालते, हा प्रश्न आपल्याकडे किती निर्मात्यांना पडतो? ‘फँड्री’मागे नीलेश नवलाखा आणि विवेक कजारिया उभे राहिले, तेव्हा नागराज मंजुळे यांच्या नावावर एकही पूर्ण लांबीचा चित्रपट नव्हता. अशी माणसे वाचकांना माहीत व्हायला हवीत.

मालिकांचे दुखणे वेगळे आहे. जुन्या ‘प्रभात’ चित्रपट कंपनीत दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल स्वतः भागीदार होते, त्यामुळे ‘संत तुकाराम’ (1936) करताना पैसा आणि निर्णय एकाच घरात होते. आज मालिकेचा निर्माता बहुतेक वेळा वाहिनीकडून भागामागे ठरलेली रक्कम घेऊन चित्रीकरण करून देतो. कथानक कुठे वळवायचे, कोणते पात्र काढायचे, मालिका कधी गुंडाळायची, यावर शेवटचा शब्द वाहिनीचा असतो, आणि तो टीआरपीच्या आकड्यांवर बदलतो. कथा भरकटली की प्रेक्षक मात्र बोल लावतात लेखकाला. हा मला सरळ अन्याय वाटतो. मानधन महिनोन्‌महिने थकल्याची तक्रार कलाकार आणि तंत्रज्ञ करतात, तेव्हाही पैसे वाहिनीने दिले नव्हते की निर्मात्याने अडवले, हे बातमीतून कळत नाही.

म्हणून विनंती एवढीच, की परीक्षणात निर्मात्याच्या निवडीबद्दलही लिहावे, चांगले आणि वाईट दोन्ही. आणि मालिकांवर लिहिताना आपल्या प्रतिनिधींनी निर्णय कुणाचा होता, हे वाहिनीला नाव घेऊन विचारावे.

आपली नियमित वाचक,
सांगली