आपल्याकडची गणिती रूटीन सामायिक संग्रहाला द्यावीत, ही विनंती

सस्नेह नमस्कार.

गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि संख्याशास्त्र या विषयांत काम करणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या सर्वांना आमच्या मंडळाची विनंती आहे, की आपण स्वतः लिहिलेली, वापरून पारखलेली आणि आज एखाद्या जुन्या डिस्कवर किंवा छापील कागदावर पडून असलेली संख्यात्मक गणनाची रूटीन, म्हणजे एकेक ठरावीक गणन करणारे कोडचे तयार तुकडे, मंडळाच्या सामायिक संग्रहाला द्यावीत. समीकरणसंच सोडवणारे, इंटिग्रेशन करणारे, मोजमापांवर वक्र बसवणारे, अवकल समीकरण पायरीपायरीने पुढे नेणारे, असे कोणतेही रूटीन आम्हाला हवे आहे. ते किती ओळींचे आहे किंवा कोणत्या संगणकभाषेत आहे, यावरून ते घ्यायचे की नाही हे ठरणार नाही. संग्रह सर्वांना विनामूल्य खुला राहील.

ही विनंती का करावी लागते, ते एका लहानशा उदाहरणावरून स्पष्ट होईल. वर्गसमीकरण सोडवण्याचे सूत्र शाळेपासून सर्वांना पाठ असते आणि ते चार ओळींत लिहून काढणे कोणालाही अवघड वाटत नाही. आता क्षचा वर्ग, वजा दहा कोटी क्ष, अधिक एक, बरोबर शून्य हे समीकरण घ्यावे. त्याचे लहान मूळ ०.०००००००१ च्या अगदी जवळ आहे. पण पाठ असलेले सूत्र ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्यांवर, म्हणजे सुमारे सोळाच सार्थ अंक जपणाऱ्या संख्यांवर, जसेच्या तसे चालवले, तर उत्तर सुमारे ०.००००००००७४५ येते, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा एक चतुर्थांशाहूनही अधिक कमी. संगणक कोणताही इशारा देत नाही. सूत्रातील वर्गमूळ दहा कोटींना इतके खेटून असते, की दोघांची वजाबाकी करताना सोळाच्या आसपास असलेले सार्थ अंक जवळजवळ सगळे एकमेकांना खोडून टाकतात आणि हाती उरतो तो केवळ पूर्णांकनाचा गाळ. जाणकाराने लिहिलेले रूटीन आधी मोठे मूळ काढते आणि दोन मुळांचा गुणाकार एक आहे हे जाणून त्या मोठ्या मुळाने एकाला भागते. तेवढ्या एका बदलाने लहान मूळही शेवटच्या अंकांपर्यंत बरोबर येते. हा बदल सूत्रात दिसत नाही. तो कोणाच्या तरी अनुभवातून आलेला असतो, कोडच्या एका ओळीत जाऊन बसतो आणि ते कोड हरवले की त्याच्याबरोबर तोही हरवतो.

अशी रूटीन एकमेकांना देण्याची परंपरा संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिजमधील एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये सुरू झाला आणि विल्क्स, व्हीलर व गिल यांनी त्याच्या सबरूटीनच्या, म्हणजे अशाच रूटीनच्या, संग्रहावरचे पुस्तक १९५१ मध्येच प्रसिद्ध केले. पुढे १९६० पासून अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एसीएमने, आपल्या नियतकालिकातून अल्गोरिदम, म्हणजे गणनाच्या पायऱ्या, क्रमांक घालून छापायला सुरुवात केली. १९८५ मध्ये जॅक डोंगारा आणि एरिक ग्रोस यांनी नेटलिब हा रूटीनचा संग्रह सुरू केला, तेव्हा हव्या त्या रूटीनचे नाव लिहून ईमेल पाठवायची आणि उत्तरादाखल यंत्राकडूनच कोड परत यायचे, अशी सोय होती. मध्ये कोणी माणूस बसलेला नव्हता, अर्ज नव्हता, शुल्क नव्हते. आमच्या मते वैज्ञानिक गणनाच्या इतिहासातील ही सर्वांत उदार घटनांपैकी एक आहे. १९९२ साली आलेले लॅपॅक, म्हणजे मॅट्रिक्सच्या (ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या) गणिताच्या रूटीनचा संच, त्याच मार्गाने जगभर पोहोचले, आणि पायथॉन या संगणकभाषेतील वैज्ञानिक गणनाचा संच सायपाय २००१ मध्ये उभा राहिला तोही १९८३ च्या क्वाडपॅक या इंटिग्रेशनच्या संचासारख्या, त्याआधीच कोणीतरी मोकळ्या मनाने देऊन ठेवलेल्या कामाच्या आधारावरच.

एवढे सगळे उपलब्ध असताना आणखी एका संग्रहाची गरज काय, असा प्रश्न रास्त आहे. सर्वसाधारण मॅट्रिक्सचे गणित करायचे असेल, तर नवीन काहीही लिहू नये आणि लॅपॅकच वापरावे, असे आम्ही स्वतःच प्रत्येकाला सांगतो. पण प्रत्यक्ष कामात अडते ते त्याच्या कडेला: विशिष्ट आकाराच्या मॅट्रिक्ससाठी कोणी केलेली बचत, एका टोकाला अनंतापर्यंत जाणाऱ्या फलाच्या इंटिग्रेशनसाठी शोधलेले रूपांतर, मोजमापांतील तुटक जागा सांभाळणारे इंटरपोलेशन, म्हणजे मोजलेल्या बिंदूंच्या मधल्या किमती काढणे. अशी कामे प्रबंधांच्या परिशिष्टांत आणि निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटांत असतात. ती कोणी मुद्दाम लपवलेली नाहीत; ती कोणी मागितलीच नाहीत.

दुसरी अडचण सापडण्याची आहे. फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेच्या पूर्वीच्या नियमानुसार रूटीनचे नाव सहा अक्षरांतच बसवावे लागे, म्हणून लॅपॅकमध्ये समीकरणसंच सोडवणाऱ्या रूटीनचे नाव ‘डीजीईएसव्ही’ (DGESV) असे झाले. त्यातील पहिले अक्षर दुप्पट अचूकतेचे, पुढची दोन सर्वसाधारण मॅट्रिक्सची आणि शेवटची दोन सोडवण्याची खूण आहेत. ज्याला हे ठाऊक आहे त्याला ते नाव सुरेख वाटते, पण ज्याला केवळ आपला प्रश्न ठाऊक आहे त्याला त्या नावापर्यंत वाटच नसते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ‘गॅम्स’ नावाच्या सूचीत यावर चांगला उपाय केला होता: रूटीनची मांडणी नावावरून न करता सोडवायच्या प्रश्नावरून करायची. आमची सूचीही तशीच असेल. प्रत्येक रूटीनपुढे ते कोणता प्रश्न सोडवते, त्याला काय द्यावे लागते आणि ते कुठे निकामी ठरते, हे साध्या मराठीत लिहिलेले असेल.

कुठे निकामी ठरते, या नोंदीचा आम्ही विशेष आग्रह धरतो. १९६० च्या दशकात ‘रँडयू’ नावाचे यादृच्छिक संख्या देणारे एक रूटीन फार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्यातील गुणक ६५,५३९ होता, म्हणजे २ च्या १६ व्या घातापेक्षा तीनने अधिक. आणि त्यामुळे प्रत्येक नवीन संख्या ही आधीच्या संख्येची सहापट वजा तिच्याही आधीच्या संख्येची नऊपट, अशा साध्या नात्याने बांधली जात असे. लागोपाठच्या तीन-तीन संख्या घेऊन अवकाशात बिंदू मांडले, की ते सगळे केवळ १५ समांतर प्रतलांवर येऊन पडत. एकेकटी संख्या पाहून हे कळण्यासारखे नव्हते. न तपासलेले रूटीन हातोहात पसरते तेव्हा चूकही तितक्याच वेगाने पसरते, म्हणून आमच्या संग्रहात प्रत्येक रूटीनसोबत निदान एक तरी चाचणी, जिचे उत्तर स्वतंत्रपणे ठाऊक आहे अशी, असलीच पाहिजे.

आमच्या हातूनही चूक झालेली आहे. एका सभासदाने छापील कागदावरून फोर्ट्रानमधले इंटरपोलेशनचे रूटीन टाइप करून घेतले. टाइप करताना एक ओळ एका घराने उजवीकडे सरकली. जुन्या फोर्ट्रानमध्ये ओळीतील ७२ व्या स्तंभानंतरचे, म्हणजे ७२ व्या अक्षराच्या घरानंतरचे, काहीही वाचले जात नाही. ओळीच्या शेवटी ‘एक्स १२’ हे चल होते, त्यातील २ हा अंक ७३ व्या स्तंभात गेला, आणि कंपायलरने, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, ते ‘एक्स १’ असे वाचून काम पुढे चालू ठेवले. ‘एक्स १’ नावाचे चलही त्याच रूटीनमध्ये असल्यामुळे तक्रार आली नाही. आलेख गुळगुळीत होता, उत्तरे पटण्यासारखी होती. मूळ लेखकाने कागदाच्या तळाशी हाताने लिहून ठेवलेल्या एका उत्तराशी ताळा केला, तेव्हाच चूक सापडली. ती हस्तलिखित ओळ नसती, तर ते रूटीन तसेच पुढे दिले गेले असते. म्हणून आपल्या कागदांवर समासात जे काही खरडलेले असेल, तेही कोडसोबत जरूर पाठवावे.

परवान्याबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ‘कोणीही वापरावे’ असे तोंडी सांगितल्याने भागत नाही. ज्या कोडवर वापराची लेखी परवानगी नाही, ते घेणारा सावध माणूस वापरत नाही आणि असावध माणूस पुढे अडचणीत येतो. आपण लॅपॅकसारखा बीएसडी धाटणीचा, म्हणजे मूळ लेखकाचा उल्लेख राखून कोणालाही वापरू देणारा, परवाना द्यावा, अशी आमची शिफारस आहे. नोकरीत असताना लिहिलेल्या कोडसाठी संबंधित संस्थेची लेखी संमती घ्यावी. दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवलेले रूटीन कृपया पाठवू नये, ते कितीही उपयोगी असले तरी.

ज्यांच्याकडे स्वतःचे कोड नाही, त्यांच्या वेळेची आम्हाला तितकीच गरज आहे. आलेले प्रत्येक रूटीन दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी, दोन वेगवेगळ्या कंपायलरवर चालवून पाहावे, असा नियम आम्ही केला आहे आणि हात कमी पडतात. हे काम पदवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. समीकरणसंच सोडवणाऱ्या रूटीनला दहा ओळी-स्तंभांची हिल्बर्ट मॅट्रिक्स, जी चुका फार वाढवण्यासाठी प्रसिद्ध आहे, ती दिली, की सोळा अंकांपैकी तेरा अंकांपर्यंतची अचूकता गमावली जाऊ शकते, आणि रूटीनने हे वापरणाऱ्याला कळवले की गप्प राहून चुकीचे आकडे दिले, हे त्या विद्यार्थ्याने पाहून लिहायचे. अशी एक संध्याकाळ पाठ्यपुस्तकातील एका प्रकरणापेक्षा अधिक शिकवते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आर्थिक मदत तीन कामांसाठी हवी आहे: संग्रहाच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जपण्यासाठी लागणारी साठवण, छापील कोडचे स्कॅनिंग, आणि जुन्या फ्लॉपी व चुंबकीय टेप वाचू शकणारी यंत्रे. यंत्रांची निकड सर्वांत मोठी आहे, कारण टेपवरील नोंद काळाबरोबर पुसट होत जाते. कितीही लहान रक्कम स्वीकारली जाईल, पावती दिली जाईल आणि खर्चाचा हिशेब वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाईल. सभासद कामासाठी मानधन घेत नाहीत.

पाठवण्यापूर्वी कोड नीटनेटके करण्यासाठी थांबू नये, ही शेवटची विनंती. नंतर सवडीने साफ करू म्हणून बाजूला ठेवलेले कोड बाजूलाच राहते. ते आहे त्या स्थितीत द्यावे, साफसफाई आम्ही करू आणि झालेला प्रत्येक बदल आपल्याला दाखवूनच नोंदवू. कोणाकडे पंच कार्डांचा, म्हणजे छिद्रे पाडून कोडची एकेक ओळ नोंदवलेल्या जुन्या कार्डांचा, गठ्ठा असेल, तर त्याची दोरी कृपया सोडू नये. ७३ ते ८० या स्तंभांत अनुक्रमांक टोचलेले असतील तर विस्कटलेला गठ्ठा पुन्हा लावता येतो, पण घाईत काम करणाऱ्या अनेकांनी ते टोचलेलेच नसत.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ