दंडावरच्या सेन्सरबद्दल दिनूला

सातारा,
१२ सप्टेंबर

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "दंडावर ते शुगर मोजणारं गोल बटण मीही लावून घेऊ का?" आणि मी "पत्र लिहितो" म्हणून फोन ठेवला. टाळलं नव्हतं रे. त्याच प्रश्नात मी स्वतः दोन महिने अडकलोय.

आषाढी एकादशीची रात्र तुला सांगितलेली नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, रात्री भूक नव्हती म्हणून नुसतं ताक घेतलं. शुगरची गोळी आणि रात्री दहा वाजताचं इन्सुलिन मात्र नेहमीसारखं घेतलं. ही माझी चूक. अडीचच्या सुमारास तुझ्या वहिनीला जाग आली, तर माझा सदरा घामाने पिळून निघालेला आणि मी काहीतरी असंबद्ध बडबडतोय. तिने बोट टोचून शुगर बघितली. ४८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं तेव्हा ७४ आली, मग अर्धी पोळी भरवली. मला यातलं पोळीच्या आधीचं काहीच आठवत नाही.

आणि त्याआधी पंधराच दिवसांपूर्वी माझं एचबीएवनसी ७.१ आलं होतं! आम्ही दोघं खूश होतो. पण ती तपासणी म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी. रात्रीचे ४८ आणि सकाळी पोह्यांनंतरचे २४० तिच्यात एकमेकांना झाकून टाकतात, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

डॉक्टरांनी मग चौदा दिवसांसाठी सेन्सर लावला. लावताना मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही. केसासारखी बारीक तार कातडीखाली पाचेक मिलिमीटर जाते आणि पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजते, रक्तातली नाही. त्यामुळे आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. पण आकड्याशेजारी बाण असतो, आणि माझ्या मते खरी किंमत त्या बाणाची आहे. बोट टोचून पट्टीवर ११२ दिसले तर ते खंबाटकी घाटातल्या मैलाच्या दगडासारखं आहे, आपण कुठे आहोत ते कळतं, चढतोय की उतरतोय ते कळत नाही. झोपताना ११२ आणि बाण सरळ, तर निवांत झोपावं. ११२ आणि बाण खाली, तर आधी काहीतरी खावं.

चौदांपैकी चार रात्री दोन ते चारच्या दरम्यान माझी शुगर सत्तरच्या खाली गेलेली होती. मला एकदाही जाणवलं नाही. रक्तदाबासाठीच्या माझ्या गोळीने धडधड आणि थरथर दबते, घाम तेवढा राहतो, असं डॉक्टर म्हणाले. एरवी सत्तर ते एकशेऐंशीच्या मध्ये दिवसाचा सत्तर टक्के वेळ असावा म्हणतात, पण माझ्या वयाला पन्नास टक्केही चालेल, फक्त सत्तरच्या खालचा वेळ एक टक्क्याच्या आत हवा, म्हणजे दिवसातून जेमतेम पाव तास. माझा त्याहून जास्त होता. संध्याकाळची गोळी लगेच बंद केली, इन्सुलिनही कमी केलं.

आता दुसरी बाजू. पाचव्या रात्री अलार्म वाजला, आकडा ५८. बोट टोचलं तर ९६. मी त्याच दंडावर झोपलो होतो. सेन्सर दाबला गेला की खोटा कमी आकडा दाखवतो. आठव्या दिवशी खरोखरच लो झाली, तेव्हा साखर खाऊनही आकडा हलेना म्हणून मी घाबरून पेढे खाल्ले, केळं खाल्लं, आणि तासाभरात २६०. मागून येणाऱ्या आकड्याचा हा परिणाम. म्हणजे पट्ट्या आणि ग्लुकोमीटर सुटत नाहीतच. आणि दिवसातून चाळीस-चाळीस वेळा फोन बघायचो. नातीने दिलेला लाडू हातात धरून आधी आकडा पाहिला, तेव्हा तिचा चेहरा पडला. ते मला फार लागलं.

खर्च तर आहेच. एक सेन्सर साडेचार हजारांच्या आसपास, महिन्याला दोन. माझ्या विम्यात बसत नाही. पेन्शनीतून कायमचं हे परवडणारं नाही, आणि मुलाकडे मागायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलेलं आहे.

मी जवळजवळ 'नको' म्हणूनच ठरवलं होतं. चौदा दिवस संपले, सेन्सर काढला. त्या रात्री अडीचला माझ्या पाठीवर हात फिरला. घाम आहे का ते ती बघत होती. सकाळी विचारलं तर म्हणाली, एकादशीपासून रोज उठते. फक्त सेन्सर होता तेव्हा काही रात्री सलग झोपले, वाजलं तर उठायचं एवढंच होतं. दिनू, ती पासष्टची आहे. तिचे गुडघे तुला माहीत आहेत.

तर मी असं ठरवलंय. नवा डोस बसेपर्यंत दोन महिने सलग लावायचा, अलार्म असलेलाच. काही सेन्सर फोन जवळ नेल्याशिवाय बोलत नाहीत, ते आमच्या कामाचे नाहीत. रात्री घाम आणि खालचे आकडे थांबले, तर पुढे तीन महिन्यांतून एकदा चौदा दिवस, आणि मधल्या काळात पट्ट्या. नाही थांबले, तर खर्चाचं पुन्हा बघू. मी डाव्या कुशीवर झोपतो, म्हणून उजव्या दंडावर.

तुझं मात्र वेगळं आहे. तू फक्त मेटफॉर्मिनवर आहेस, इन्सुलिन नाही. त्या एकट्या गोळीने शुगर सहसा खाली जात नाही, म्हणजे रात्रीची भीती तुला नाही. तुला दर महिन्याला नऊ हजार घालायची गरज मला दिसत नाही. कोणत्या जेवणाने शुगर किती चढते हे बघायचंच असेल, तर डॉक्टरांना विचारून एकदाच चौदा दिवस लाव, आणि त्या दिवसांत रोजचंच जेव, मुद्दाम पथ्य करू नकोस. मला त्यातूनच कळलं की पिठलं-भाकरीने मी १६५ च्या वर गेलो नाही आणि पोह्यांनी मात्र गेलो. लावायच्या आधी उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि एचबीएवनसी करून घे. मार्चनंतर केलेली नाहीस, हे तूच बोललास.

माझा सेन्सर सोमवारी येतोय. तुझे रिपोर्ट आले की आकडे कळव, फोनवर नको, लिहून पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू