नंबर तेच राहिले, भाऊ

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार. पांढरकवड्याकडच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यातून लिहिते आहे. नाव नको म्हणालात, म्हणून नुसतं भाऊ. पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं, कारण दवाखान्याचे फोन जोडणाऱ्या जुन्या सर्व्हरवरून सगळ्यांची खाती नव्या सर्व्हरवर हलवण्याचं तुमचं काम डोळ्यांना दिसत नाही. फोन आधीही वाजत होते, आताही वाजतात.

जुन्या सर्व्हरची हार्ड डिस्क खडखडायला लागली होती. कोणत्या एक्स्टेंशनवर, म्हणजे आतल्या नंबरवर कोण, कुणाचा पासवर्ड काय, ती सगळी डिरेक्टरी त्यातच. निंदणाच्या दिवसांत साप चावलेला पेशंट आला की कॅज्युअल्टीतून पहिला फोन डॉक्टरांच्या क्वार्टरला जातो. आतल्या वॉर्डांत मोबाईलला रेंज नसते. खाती हलवताना एखादा फोन बंद पडला तर, या काळजीनं मला झोप लागत नव्हती.

तुम्ही माहिती एलडीआयएफ फाईलमध्ये, म्हणजे डिरेक्टरी साध्या मजकुरात उतरवणाऱ्या फाईलमध्ये काढली आणि स्क्रीनवर एकही मराठी नाव दिसेना, सगळीकडे ‘४केएस’नं सुरू होणारी अक्षरं. मी हादरलेच. तुम्ही दोन कोलनवर बोट ठेवलंत. असे दोन कोलन असले की पुढचा मजकूर बेस-६४ मध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात असतो, नाव शाबूत आहे, म्हणालात. आणि लगेच आमच्या हेडसिस्टरांचं नाव उलगडून दाखवलंत.

पुढची अडचण आडनावांची. नव्या सर्व्हरला आडनावाची जागा रिकामी चालत नाही. आमच्या सफाईच्या मावश्यांची खाती नुसत्या पहिल्या नावावर होती. तिथं एक टिंब टाकून भागलं असतं. तुम्ही वही घेऊन वॉर्डांत गेलात, प्रत्येकीला पूर्ण नाव विचारलंत आणि तेच भरलंत. भाऊ, हे मी विसरणार नाही.

पासवर्डचंही तसंच. आमच्या डिरेक्टरीत पासवर्ड जसाच्या तसा नसतो. युजरनेम, रेल्म (सर्व्हरनं लॉगिनसाठी ठरवलेलं क्षेत्राचं नाव) आणि पासवर्ड मिळून केलेला एमडी५ हॅश असतो, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असा ठसा. सर्व्हर नवा म्हणून रेल्मचं नावही नवं दिलं असतं तर ते सगळे हॅश बाद झाले असते आणि टेबलाटेबलावर जाऊन फोन पुन्हा सेट करावे लागले असते. तुम्ही रेल्म तेच ठेवलंत. कोणाचा पासवर्ड बदलला नाही, नंबरही नाही.

ओपीडी संपल्यावर बदल केलात. आधी ऑफिस, स्टोअर. कॅज्युअल्टी आणि प्रसूती कक्ष अगदी शेवटी. जुना सर्व्हर चालूच ठेवलात, गरज पडली तर परत फिरता यावं म्हणून. सगळे फोन वाजले तेव्हा आम्हाला वाटलं, झालं. तुम्ही हलला नाहीत. आपले फोन दर ३६०० सेकंदांनी सर्व्हरकडे आपली नोंदणी नव्यानं करतात, तोवर जुनी नोंदणी चालते, खरी परीक्षा त्यानंतरच, असं म्हणून लॉगसमोर, म्हणजे सर्व्हरवर काय घडतं त्याच्या यादीसमोर बसून राहिलात. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, फोन उचलून म्हणाल्या, “लागून राह्यला न भाऊ!” तेव्हा कुठं तुम्ही जेवायला उठलात.

तुम्ही मराठीत लिहून दिलेली वही माझ्या टेबलावरच असते. नव्या नर्सचं खातं त्यात पाहून मी स्वतः उघडलं, पहिल्या झटक्यात चाललं. बॅकअपही दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर घेते.

एक विनंती. विश्वस्तांनी तुमचा येण्याजाण्याचा खर्च मंजूर केला आहे. बिल पाठवा, या वेळी नाही म्हणू नका.

आपली,
टेलिफोन ऑपरेटर ताई